वाईट असण्याचा अधिकार

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या प्रबंधिकेच्या समासात मी शेरा लिहिला होता : 'अशा पात्रांमुळे समाजाची प्रतिमा मलिन होत नाही काय?' बाबूराव बागुलांच्या 'मरण स्वस्त होत आहे' (१९६९) या संग्रहातील गुन्हेगारी जगाविषयी तो लिहीत होता. त्याने वाद घातला नाही. पुढच्या मसुद्यात मात्र ते प्रकरण नव्हते.

'डार्क मॅनहॅटन' (१९३७) पाहताना मला त्या शेऱ्याची आठवण झाली. वर्णभेदाच्या काळात अमेरिकेत कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी, कृष्णवर्णीय नटसंच घेऊन जे अल्पखर्ची चित्रपट निघत, त्यांना 'रेस फिल्म' म्हणत. हा त्यांपैकीच एक गुंडपट. हार्लेममधील 'नंबर्स', म्हणजे आपल्याकडच्या मटक्यासारखा आकड्यांचा जुगार, हे त्याचे विश्व. राल्फ कूपरने रंगविलेल्या कर्ली थॉर्प या तरुणाचा उत्कर्ष आणि पतन हे त्याचे कथानक. साचा अर्थातच हॉलिवूडचा आहे. परंतु चित्रपटाच्या आरंभी बर्ट विल्यम्स, फ्लॉरेन्स मिल्स आदी दिवंगत कृष्णवर्णीय कलावंतांना तो अर्पण केला आहे. गुंडपटाने पूर्वसूरींना वंदन करावे, ही मला प्रथम विसंगती वाटली.

विल्यम्स स्वतः कृष्णवर्णीय. तरीही रंगमंचावर त्यांना चेहऱ्याला काजळी फासावी लागे. हे ध्यानात घेतले की त्या अर्पणाचा अर्थ उलगडू लागतो. थेरेसा हॅरिस 'बेबी फेस'मध्ये (१९३३) नायिकेची मोलकरीण होती. 'बार्गेन विथ बुलेट्स' (१९३७) या कूपरच्याच गुंडपटात तिला प्रमुख स्त्रीभूमिका मिळाली. क्लॅरेन्स ब्रूक्स 'मर्डर इन हार्लेम'मध्ये (१९३५) वकील होता आणि 'डार्क मॅनहॅटन'मध्ये जुगाराच्या धंद्याचा सूत्रधार. हॉलिवूडच्या पडद्यावर एकटादुकटा कृष्णवर्णीय नट अख्ख्या वंशाचे ओझे वाहत असे. इथे वकीलही तेच, गुन्हेगारही तेच. त्यामुळे गुन्हेगार हा केवळ एक माणूस उरतो. त्याच्या दुष्कृत्यांचा हिशेब कुणी त्याच्या जातकुळीकडे मागत नाही.

या चित्रपटांचे उदात्तीकरण मला करायचे नाही. अनेकांमागचे भांडवल श्वेतवर्णीयांचे होते आणि नायक-नायिकांच्या निवडीत उजळ वर्णाचा मोह स्पष्ट दिसतो. तरीही वाईट माणूस रंगविण्याचे स्वातंत्र्य हा अभिनयाच्या प्रतिष्ठेचाच भाग आहे, हे त्यांनी मला शिकविले.

ब्लॅक पँथर आणि दलित पँथर (१९७२) यांचे नाते मी वर्गात दरवर्षी उत्साहाने सांगत आलो. त्या नात्यातून पीडितांचे नायक तेवढे मी उचलले. त्यांना सदोष असण्याची मुभा मात्र दिली नाही. माझ्या शेऱ्यात समाजाच्या काळजीपेक्षा सज्जन, निरुपद्रवी पात्रांची माझी अपेक्षाच अधिक होती. बागुलांना ती कधीच मान्य झाली नसती, आणि हे त्या विद्यार्थ्याला माझ्याआधी कळले होते.