सवण्याचा उजेड

नवीन जालन्यातल्या आमच्या जुन्या घराचे काम काढले, तेव्हा माजघरात उजेड आणायचा एवढाच माझा हट्ट होता. दोन्ही अंगच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे खिडकीला वाव नाही. वर माळवद आणि त्यात वीतभर सवणे. दुपारी त्यातून एक कवडसा उतरे. पावसाळ्यात सवण्यावर पत्रा ठेवला की तोही जाई. त्या अंधारात आईची चाळीस वर्षे गेली.

वाड्यांतल्या गार काळोखाचे गोडवे आपल्या ललित लेखनात पुष्कळ गायले गेले. गाणारे बहुधा ओसरीवर बसलेले असत, चुलीपाशी नव्हे, असे मला नेहमीच वाटत आले आहे. सावलीची थोरवी सांगणारा जपानी लेखक तनिझाकी यांचा १९३३ सालचा निबंध प्रसिद्धच आहे. पुढे त्यांना घर बांधायचे होते, तेव्हा वास्तुशिल्पी म्हणाला, निबंध वाचल्यामुळे तुम्हाला काय हवे ते मला ठाऊक आहे. त्यावर, तसल्या घरात मला राहता यायचे नाही, असे तनिझाकी उत्तरले. ही आठवण त्यांच्या पत्नीने सांगितलेली. मी ती घरी मोठ्या विजयी मुद्रेने ऐकवली.

माळवद उतरवले, स्लॅब टाकला, मागे एक खोली वाढवली आणि माजघराच्या डोक्यावर आडवी काच बसवली. मिस्त्रींनी बजावले होते. मी ऐकले नाही. जालन्यात मेच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य ऐन माथ्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. पहिल्याच उन्हाळ्यात तो सरळ माजघरात उतरला. माळवदाच्या मातीने इतकी वर्षे काय अडवून धरले होते, ते तेव्हा कळले. अखेर काच काढून विटांचे चार थर चढवले, उत्तरेला उभा झरोका ठेवला, वर हातभर छज्जा काढला. असो.

आता माजघरात भरदुपारी दिव्यावाचून वर्तमानपत्र वाचता येते. आई मात्र तांदूळ निवडायला अजून ओट्यावरच बसते. एकदा किंचित चिडूनच मी विचारले, "आई, आता आत दिसतं ना?"

"दिसतं की. पण आत कोण येतंय बोलायला?"

मग सुपातला खडा वेचता वेचता ती सहज सांगू लागली. आजीच्या राज्यात सुनेने ओट्यावर बसायला कारण लागे. 'आत दिसत नाही', हे तिचे कारण होते. आजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली. कारण विचारणारे घरात कोणी उरले नव्हते. त्या दिवशी ते मी विचारले.