लिट्ल रॉकच्या शाळेचं दार

अमेरिकेहून आलेली माणसं तुम्हाला काय सांगतात? नायगारा, स्वातंत्र्यदेवता, डिस्नेलँड! मी मात्र आज तुम्हाला एका शाळेत नेणार आहे. नेणार म्हणजे दारापर्यंतच बरं का. आत जायला मलाही मिळालं नाही.

माझी भाची टेक्सास राज्यात डॅलसला राहते. तिथून आर्कान्सॉ राज्याची राजधानी लिट्ल रॉक मोटारीने पाच तासांवर आहे. "मावशी, एवढं लांब जाऊन शाळा बघायची?" भाची हसली. पण तिची मुलगी सई लगेच तयार झाली. सई सातवीत आहे आणि तिला प्रश्न विचारायची भारी खोड आहे. ऑक्टोबरात तिला दोन दिवस सुट्टी होती, म्हणून आम्ही निघालो.

शाळेचं नाव सेंट्रल हायस्कूल. इमारत पाहिली आणि मी बघतच राहिले! शाळा कसली, राजवाडाच तो. पिवळसर विटांची, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली. मधोमध दोन्ही बाजूंनी वर जाणारे जिने आणि मुख्य दारावर चार पुतळे. महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी आणि तयारी अशी त्यांची नावं. इमारत बांधली १९२७ साली. हे साल ओळखीचं वाटतं ना? त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला होता.

दारावर 'संधी'चा पुतळा होता खरा, पण त्या दारातून फक्त गोरी मुलंच आत जाऊ शकत. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तेव्हा कायदाच तसा होता. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, पाणी प्यायचे नळसुद्धा वेगळे. आपल्या महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. त्याला ऐंशी वर्षं झाली तरी तिथला पाण्याचा नळ काही एक झाला नव्हता!

मग १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला : रंगावरून शाळा वेगळ्या ठेवणं हे राज्यघटनेच्या विरुद्ध आहे. झालं, प्रश्न सुटला असं वाटेल. पण न्यायाधीशाजवळ असते फक्त लेखणी. त्याच्याकडे ना फौज, ना तिजोरी. निकाल कुणी पाळायचाच नाही असं ठरवलं तर?

लिट्ल रॉकमध्ये नेमकं तेच झालं. सप्टेंबर १९५७ मध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलामुलींनी सेंट्रल हायस्कूलमध्ये नाव घातलं. सर्वांत लहान मुलगी चौदा वर्षांची. राज्याचे गव्हर्नर होते ऑर्व्हल फॉबस. (अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपले राज्यपाल नव्हेत. तो लोकांनी निवडून दिलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा.) दंगल होईल असं कारण सांगून त्यांनी राज्याचे सैनिक शाळेभोवती उभे केले. ते सैनिक दंगलखोरांना अडवायला होते असं तुम्हाला वाटेल. छे! त्यांनी अडवलं मुलांना.

४ सप्टेंबरच्या सकाळी नऊ जणांनी एकत्र जायचं असं आदल्या रात्री ठरलं. सगळ्यांना फोन गेले. पण एलिझाबेथ एकफर्ड या पंधरा वर्षांच्या मुलीच्या घरी फोनच नव्हता. तिला निरोप मिळाला नाही. स्वतः शिवलेला नवा झगा घालून ती एकटीच शाळेत निघाली. सैनिक पाहून तिला बरंच वाटलं. आपल्या संरक्षणासाठीच आले असतील! गोरी मुलं त्यांच्यामधून आत जात होती. एलिझाबेथ पुढे झाली आणि सैनिकांनी बंदुका आडव्या धरल्या. मागे ओरडणारा जमाव, पुढे बंदुका. वह्यापुस्तकं छातीशी धरून ती बसथांब्यापर्यंत चालत गेली आणि बाकावर बसली. एक गोरा बातमीदार तिच्याजवळ येऊन बसला, एका गोऱ्या बाईने तिला बसमध्ये बसवून दिलं. बाकी सगळा जमाव शिव्या देत होता.

त्या वेळी काढलेला फोटो जगभर छापला गेला. काळा चष्मा लावलेली एलिझाबेथ खाली पाहत चालली आहे आणि मागे तिच्याच वयाची एक गोरी मुलगी तोंड वेडंवाकडं करून किंचाळते आहे. हा फोटो मोठ्या माणसांबरोबर बसून जरूर पाहा. मी तो किती वेळा पाहिला असेल, पण दरवेळी माझं लक्ष त्या किंचाळणाऱ्या मुलीकडेच जातं. तिला हे कुणी शिकवलं असेल?

पुढे कोर्टाच्या हुकमाने गव्हर्नरांना सैनिक काढून घ्यावे लागले. २३ सप्टेंबरला नऊ मुलं बाजूच्या दाराने आत गेली, पण बाहेर जमाव एवढा खवळला की दुपारच्या सुमारास पोलिसांनी त्यांना गुपचूप बाहेर काढलं. तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी थेट लष्कराची तुकडी पाठवली, हजाराहून जास्त जवान! दोनच महिन्यांपूर्वी ते म्हणाले होते की, अशी वेळ येईल असं मला वाटत नाही. मनातून त्यांनाही हे नको होतं. पण राज्य सरकार कोर्टाचा हुकूम मोडतं आहे आणि केंद्र सरकार बघत बसलं, तर मग कायदा उरला कुठे? २५ सप्टेंबरला नऊ मुलं लष्कराच्या पहाऱ्यात मुख्य दाराने जिना चढून आत गेली. महिन्याच्या सुरुवातीला एका सरकारच्या बंदुकांनी त्यांना अडवलं होतं, आता दुसऱ्या सरकारच्या बंदुका त्यांना आत सोडत होत्या. दोन्ही सरकारं लोकांनीच निवडलेली बरं!

जवान मुलांबरोबर शाळेच्या बोळात असत, पण वर्गात आणि व्यायामशाळेत त्यांना जाता येत नसे. तिथे ढकलाढकली, चिमटे, थुंकणं वर्षभर चाललं. वरच्या वर्गातला अर्नेस्ट ग्रीन मे १९५८ मध्ये पास होऊन बाहेर पडला, सेंट्रलचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर. त्या समारंभाला मार्टिन ल्यूथर किंग प्रेक्षकांत बसले होते. अर्नेस्टचं नाव पुकारलं गेलं तेव्हा टाळ्या थांबल्या. सगळीकडे शांतता. त्याने प्रमाणपत्र घेतलं आणि तो खाली उतरला.

इथपर्यंतची गोष्ट सईला शाळेत शिकवलेली होती. शाळेच्या समोर, रस्त्यापलीकडे एक छोटं संग्रहालय आहे. पुढची गोष्ट आम्हाला तिथे वाचायला मिळाली.

सप्टेंबर १९५८ मध्ये गव्हर्नरांनी लिट्ल रॉकमधली सरकारी हायस्कुलं बंदच करून टाकली! मग लोकांना विचारलं : सगळ्यांनी एकत्र शिकायचं की नाही? 'नाही' म्हणाले १९ हजार ४७० आणि 'हो' म्हणाले ७ हजार ५६१. वर्षभर साडेतीन हजारांहून जास्त मुलं, गोरी आणि कृष्णवर्णीय, शाळेविना राहिली. शिक्षक रोज यायचे आणि रिकाम्या वर्गात बसायचे. फुटबॉलचे सामने मात्र चालूच होते! (हे वाचून तुमच्यापैकी काहींना हेवा वाटेल, मला माहीत आहे.)

सई त्या आकड्यांपुढून हलेना. "आजी, मतदान झालं ना? मग ही लोकशाहीच ना?"

आता आली का पंचाईत! मी म्हटलं, "समज, तुझ्या वर्गात तीस मुलं आहेत. एकोणतीस जणांनी हात वर करून ठरवलं की, तिसाव्याचा डबा रोज आपण खायचा. मतदान अगदी नीट झालं. चालेल?"

"पण डबा तर त्याचा आहे!"

"तेच तर. काही गोष्टी अशा असतात की त्यांच्यावर हात वर करायचेच नाहीत. त्या राज्यघटनेत लिहून ठेवतात."

अमेरिकेच्या घटनेत १८६८ साली चौदावी दुरुस्ती झाली. कायद्याचं संरक्षण सर्वांना सारखं, असं ती सांगते. गंमत म्हणजे आपल्या भारताच्या घटनेतही तेच सांगणारं कलम चौदावंच आहे. नागरिकशास्त्राच्या पेपरात लक्षात ठेवायला सोपं!

पण सईचं समाधान झालं नाही. "मग शाळा उघडली कुणी? कोर्टाने?" कोर्टाने तर उघडलीच. पण त्याच गावातल्या बायकांनी शाळा उघडण्यासाठी एक समिती काढली होती. मे १९५९ मध्ये शाळामंडळातल्या हट्टी सभासदांनी चाळीसहून जास्त शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं, तेव्हा गाव चिडलं. पुन्हा मतदान झालं आणि त्या तीन सभासदांना घरी बसवलं गेलं. ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या. म्हणजे मतांनी बंद झालेलं दार उघडायला पुन्हा मतंही लागलीच. माझं डब्याचं उदाहरण तसं थोडं अपुरंच पडलं म्हणायचं.

शाळा आजही चालू आहे. म्हणूनच आत फिरायला आधी नाव नोंदवून मार्गदर्शकाबरोबर जावं लागतं, आणि आम्ही नाव नोंदवलं नव्हतं. तुम्ही कधी गेलात तर आमच्यासारखं करू नका. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्या नऊ जणांसाठी हेच दार स्वतः उघडून धरलं होतं. एलिझाबेथला मात्र सेंट्रलमधून शिक्षण पुरं करता आलं नव्हतं. शाळा बंद होती त्या वर्षी तिने टपालाने अभ्यास केला.

कोपऱ्याजवळ तिच्या आठवणीसाठी तसाच एक बाक ठेवला आहे. सई आणि मी तिथे बसलो. शाळा सुटली आणि सगळ्या रंगांची मुलं दप्तरं घेऊन धडाधड जिने उतरू लागली. एक कृष्णवर्णीय मुलगी आमच्या शेजारी येऊन टेकली, तिने खिशातून फोन काढला आणि आईला सांगू लागली की, आज यायला जरा उशीर होईल.