पत्ता आणि पुरावा

आमच्या सोसायटीची पाण्याची मोटर दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात चोरीला गेली. सकाळी टाकीत पाणी चढेना म्हणून वॉचमन खाली गेला, तर पाइप कापलेला आणि मोटरीच्या जागी नुसता सिमेंटचा ओटा. आठ वाजता पार्किंगमध्ये माणसं जमली, नऊच्या आत निकालही लागला. "आवासवाल्यांचंच काम," कुणीतरी म्हणालं. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

हे कोसाड. सुरतेत तापीच्या उत्तरेला, अमरोलीला लागून. मुंबईहून येणारी गाडी सुरत सोडून नदी ओलांडते, उत्राण मागे पडतं आणि मग कोसाडचं छोटं स्टेशन येतं. पूर्वीच्या शेतांवर आता आमच्यासारख्या सोसायट्या आहेत. जवळच महानगरपालिकेनं बांधलेलं कोसाड आवास आहे, एकाच रंगाच्या, एकाच उंचीच्या इमारतींच्या रांगा. तापीकाठच्या आणि शहरातल्या झोपडपट्ट्या उठल्या, तेव्हा तिथली कुटुंबं इथे आणून वसवली. त्यात गुजराती आहेत, ओडिया आहेत, उत्तर प्रदेशातले आहेत आणि नंदुरबार-धुळ्याकडून आलेली आपली खानदेशी माणसंही आहेत.

त्या आवासातला एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आमच्याकडे रोज पहाटे गाड्या धुवायला यायचा. पहाटे येतो, मोटर कुठे आहे ते त्याला ठाऊक आहे आणि राहतो आवासात. एवढं पुरेसं ठरलं. "उद्यापासून येऊ नकोस," असं त्याला सांगण्यात आलं. त्यानं बादली उपडी करून ठेवली, फडकं पिळून कठड्यावर वाळत घातलं आणि तो गेला.

मी तिथेच उभा होतो. सव्वीस वर्षं मी गुन्हेगारीशास्त्र शिकवलं. संशय आणि पुरावा यांत किती अंतर असतं, हे सांगण्यात माझी हयात गेली. त्या सकाळी मी एक शब्द बोललो नाही. या लेखात गुन्हेगारीच्या इतिहासातला जो धागा मी उलगडणार आहे, तो माझ्या त्या गप्प राहण्यापर्यंत येऊन पोचतो.

गुन्ह्यांच्या कथा आज घरोघरी पाहिल्या, ऐकल्या जातात. वेबमालिका आहेत, पॉडकास्ट आहेत. व्याख्यानानंतर मला हमखास एक प्रश्न येतो, "सर, गुन्हेगार ओळखायचा कसा?" या प्रश्नाच्या पोटात एक आशा असते. गुन्हेगार ही वेगळी जात असावी, तिची काही खूण असावी, ती एकदा कळली की आपण आणि आपली माणसं सुरक्षित. ही आशा फार जुनी आहे आणि तिची किंमत बहुतेक वेळा निरपराध माणसांनी मोजली आहे.

आपल्या देशात या आशेला सरकारी शिक्का मिळाला तो ठगांच्या प्रकरणात. १८३०च्या दशकात विल्यम स्लीमन या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यानं ठगांविरुद्ध मोहीम उघडली. वाटेवर प्रवाशांचे गळे आवळले जात होते, मुडदे पुरले जात होते, यात शंका नाही. पण रानवाटांवर साक्षीदार कुठून मिळणार? स्लीमननं पकडलेल्यांपैकीच काहींना माफीचे साक्षीदार केलं आणि त्यांच्या जबान्यांवरून ठगांच्या वंशावळी आखल्या. १८३६ सालच्या कायद्यानं तर अमुक माणसानं अमुक खून केला हे सिद्ध करण्याची गरजच ठेवली नाही. तो ठगांच्या टोळीतला होता एवढं ठरलं की जन्मठेप. शिक्षा 'काय केलं' यासाठी असते. ती 'कुणापैकी आहे' यासाठी देण्याचा पायंडा इथे पडला. ठगी हा खरोखर पिढीजात पंथ होता का, की विखुरलेल्या वाटमाऱ्यांना कंपनीच्या दप्तरानं एका नावाखाली आणलं, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. कायदा करणाऱ्यांना मात्र तेव्हा असा प्रश्न पडला नाही.

पस्तीस वर्षांनी, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्यामागचा युक्तिवाद ऐकायला साधा होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, लोहाराचा मुलगा लोहार होतो, तर चोराचा मुलगा चोर होणारच. कायदा आधी उत्तरेकडे लागू झाला आणि १९११ साली मुंबई इलाख्यासह सगळीकडे पसरला. पारधी, कैकाडी, भामटा, मांग-गारुडी असे समाज यादीत चढले. यादीतल्या माणसानं ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडताना पास घ्यायचा आणि बोटांचे ठसे सरकारजमा करायचे. तान्हं मूल जन्मतःच यादीतल्या घरचं होत असे.

अनेक कुटुंबांना तर तारेच्या कुंपणाआड ठेवलं गेलं. त्या वसाहतींना नाव होतं सेटलमेंट. मुंबई इलाख्यातली एक मोठी सेटलमेंट सोलापुरात होती. तिथली माणसं गिरण्यांत राबायची आणि हजेरीला कुंपणात परतायची. मुंबई सरकारनं हा कायदा १९४९ मध्ये काढून टाकला. देशभरातून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, म्हणून विमुक्त समाज तो दिवस मुक्तिदिन मानतो. पण सोलापुरात आजही 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता आहे. कुंपण गेलं, पत्ता उरला. नोकरीच्या अर्जावर हा पत्ता लिहिताना तिथल्या मुलाचा हात क्षणभर थबकत असेल, तर ते मला इथे कोसाडमध्ये बसून समजू शकतं.

कायदा रद्द झाला तरी सराईत गुन्हेगारांचे नवे कायदे आले आणि पोलिसांच्या नजरेत जुनी यादी जिवंत राहिली. पश्चिम बंगालमधला, अशाच यादीतल्या समाजाचा बुधन शबर फेब्रुवारी १९९८ मध्ये कोठडीत मारहाण होऊन मेला. कलकत्ता उच्च न्यायालयानं त्याच वर्षी त्याच्या विधवेला भरपाई देण्याचा आदेश दिला. इकडे आमच्या गुजरातेत, अहमदाबादच्या छारानगरमध्ये, छारा तरुणांनी त्या मृत्यूवर नाटक बसवलं आणि त्यातून 'बुधन थिएटर' उभं राहिलं. ज्या आजोबा-पणजोबांना कायद्यानं चोर ठरवलं होतं, त्यांची नातवंडं रस्त्यावर उभी राहून लोकांना विचारत होती, की आम्ही दुय्यम दर्जाचे नागरिक आहोत का?

वंशाइतकीच चेहऱ्याचीही भूल मोठी. इटलीत चेझारे लोंब्रोझो नावाच्या डॉक्टरला एका मृत कैद्याच्या कवटीत मागच्या बाजूला एक खळगा दिसला. त्यावरून त्यानं 'जन्मजात गुन्हेगार' हा सिद्धांत मांडला. १८७६ साली त्याचं पुस्तक आलं. पुढे आलेला जबडा, मोठे कान, अंगावरचं गोंदण अशा खुणांची लांबलचक यादी त्यानं केली. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग या तुरुंगातल्या डॉक्टरनं सुमारे तीन हजार कैद्यांची मापं घेतली आणि ती विद्यापीठातले विद्यार्थी, सैनिक यांच्या मापांशी ताडून पाहिली. १९१३ साली त्यानं निष्कर्ष छापला, की गुन्हेगाराचा म्हणून वेगळा शारीरिक साचा नाही. शास्त्रात लोंब्रोझो मागे पडला. आपल्या सिनेमातला खलनायक मात्र कितीतरी वर्षं गालावर व्रण घेऊनच पडद्यावर आला.

याच काळात, आपल्या देशात, एक वेगळी वाटही तयार होत होती. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूर इथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं रस्त्याच्या कामाच्या करारावर कंत्राटदाराच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. पुढे कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत रचली, म्हणजे हजारो कागदांतून नेमका एक ठसा शोधता येऊ लागला. पद्धत ओळखली जाते ती त्यांचा वरिष्ठ एडवर्ड हेन्री याच्या नावानं. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं स्वतंत्र कार्यालय सुरू झालं, स्कॉटलंड यार्डाच्या आधी. पाठोपाठ जलपैगुडीच्या एका चहाच्या मळ्यात व्यवस्थापकाचा खून झाला. पंचांगावर रक्ताळलेल्या बोटाचा ठसा सापडला आणि तो कांगाली चरण या जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. न्यायालयानं त्याला चोरीसाठी दोषी धरलं, खुनासाठी नाही.

विद्यार्थ्यांना हा खटला शिकवताना मी दरवेळी इथे थांबत असे. त्या ठशातून एवढंच कळत होतं, की या माणसाचा हात त्या पंचांगाला लागला. न्यायालयानं ठशाच्या तोंडी त्याहून जास्त काही घातलं नाही. ठसा जात विचारत नाही, वस्ती विचारत नाही. तरीही हेच ठसे पुढे जमातीच्या जमाती नोंदवायला वापरले गेले. साधन तेच होतं. एके ठिकाणी ते एका माणसाच्या एका कृत्याकडे बोट दाखवत होतं, दुसरीकडे अख्ख्या समाजाच्या मनगटात बेडी होऊन बसलं.

आता महाराष्ट्राला हादरवून सोडणारं प्रकरण पाहा. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून ते आपल्या आठवणीत आहे. विजयनगर कॉलनीत एका घरातले तिघे, भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात पाच जण. संध्याकाळ झाली की पुण्यात दारं बंद व्हायची, ओळखीच्या हाकेलाही कडी निघत नसे. संशय कुणाकुणावर गेला असेल, याची कल्पना त्या काळातल्या वाचकांना असेल. खुनी निघाले ते टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातले तरुण, चित्रकला शिकणारे. पहिला बळी त्यांच्याच कॉलेजातला मित्र. नदीत सापडलेल्या शेवटच्या मृतदेहाला शिडी बांधलेली होती. ती बांधलेली दोरी, तिच्या गाठी आणि या तरुणांच्या न जुळणाऱ्या जबान्या यांवरून पोलीस त्यांच्यापर्यंत पोचले. एक जण माफीचा साक्षीदार झाला. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली.

ही मुलं कोणत्याही यादीत नव्हती. त्यांच्या कपाळावर, कवटीत, पत्त्यात काहीही नव्हतं. कुणी त्यांना दारात पाहिलं असतं, तरी ती 'आपल्यातली'च वाटली असती. चुकीच्या माणसावर संशय घेतल्यानं जेवढा घात होतो, तेवढाच घात चुकीच्या माणसाला संशयातून वगळल्यानं होतो. म्हणून जातीवरून, वस्तीवरून गुन्हेगार ओळखणं हा अन्याय तर आहेच, शिवाय तो तपासाचा आळसही आहे.

आणि हा आळस माणसं मारतो. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा रविवार. सुरतेहून धुळ्याकडे जाताना ज्या मुलखातून आमच्या गाड्या जातात, तो हा भाग. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. सोलापूरकडून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण बाजारात दिसले. परके, फिरस्ते, कपडे वेगळे. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारलं. १८७१चा कायदा रद्द होऊन सहासष्ट वर्षं होत आली होती. त्या खोलीत तो शाबूत होता.

पुराव्याची रीत कंटाळवाणी असते, हे मी मान्य करतो. पंचनामा, पंचांच्या सह्या, सीलबंद पुडकी, प्रयोगशाळेचा अहवाल, उलटतपासणी. मालिकेत हे सगळं दोन मिनिटांत उरकतात, कारण त्यात रोमांच नाही. पण गेल्या दोनशे वर्षांत गुन्हेगारीच्या अभ्यासानं माणसाला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच कंटाळवाणी रीत आहे. ती प्रत्येक पायरीवर आपल्याला अडवते आणि विचारते, 'हे तुला दिसलं, की तुला वाटलं?' खुन्याचं मन कसं असतं, हे कुतूहल मी समजू शकतो. त्याच्या निम्म्यानं तरी कुतूहल आपल्याला आपल्या संशयाबद्दल वाटायला हवं.

मोटरीचा चोर सापडला नाही. वर्षभरानं मी आवासात त्या मुलाचं घर शोधत गेलो. जिन्यात त्याची आई भेटली. मूळची नंदुरबारकडची, अहिराणीत बोलली, तिनं पाणी दिलं. मुलगा आता एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात रात्रपाळी करत होता, नुकताच उठला होता. मी त्याला म्हणालो, "त्या दिवशी तुझ्यावर आळ घेतला, तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. माझं चुकलं."

तो थोडा वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, "काका, मोटर मिळाली का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. खरा चोर सापडेपर्यंत ती चोरी आपल्याच नावावर राहणार, हे त्याला माझ्या कितीतरी आधी कळलं होतं.