मुजोर घोडी

गेल्या हिवाळ्यात अकोल्याहून मामूंच्या मुलाचा फोन आला. सारंगखेड्याच्या यात्रेतून त्यानं एक घोडी आणली होती. वरातीसाठी नाही, स्वतः बसायला आणि बारा वर्षांच्या मुलीला स्वारी शिकवायला. "भाईजान, घोडी लई मुजोर निघाली. लगाम ओढला का मान वर करते अन् सुटते. पोरीला कसं बसवू? तुम्ही वाचता-लिहिता, कोणता लगाम चांगला ते जरा पाहा ना."

रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरली. मामूंचं घर अकोट फैलात. मामूंनी तीस वर्षं टांगा चालवला. आता गुडघे धरल्यामुळे ते दारातल्या खाटेवर बसून असतात. घोडी अंगणात बांधलेली. मी जवळ गेलो तर तिच्या ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत चट्टे दिसले. एका बाजूला खपली निघून ओलं झालं होतं. खुंटीवर तिचा लगाम लटकत होता. तोंडात जाणाऱ्या लोखंडाला दोन्ही टोकांशी, जिथं ओठ येतात तिथं, खिळ्यांसारखे काटे.

लगाम विकणाऱ्याकडे गेलो तर त्यानंही तसाच पुढे केला. "गुरुजी, हाच घ्या. घोडं बोटावर थांबते." गोष्ट अशी, की अशा काटेरी लोखंडाला कायद्यानं बंदी आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. त्याखाली १९६५ साली ओढकाम आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम झाले. जनावर हाकताना किंवा त्यावर बसताना काटेरी काठी, काटेरी लगाम वापरायचा नाही, असं त्यात साफ लिहिलंय. म्हणजे बैलाला टोचायची आपली तुतारीही त्यातच आली. साठ वर्षं झाली, वस्तू मात्र बाजारात आहे.

मग बिनकाट्याचा घ्यायचा तर कोणता? त्यासाठी आधी घोड्याचं तोंड समजून घ्यावं लागतं. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याला मोकळी जागा असते. लोखंड बसतं ते तिथं, हाडावरच्या पातळ कातडीवर आणि जिभेवर. साध्या लगामाच्या लोखंडाला इंग्रजीत स्नॅफल म्हणतात. दोन्ही टोकांना कडी, कडीला वादी. हातानं जेवढं ओढलं तेवढंच तोंडाला लागतं. लांब दांड्यांच्या लगामात तरफेसारखं होतं, थोडं ओढलं तरी जोर कित्येक पट पोहोचतो. शिकणाऱ्या लेकराच्या हातात तो देऊच नये.

स्नॅफलमध्येही प्रकार आहेत. मधे एकच सांधा असला तर ओढल्यावर ते अडकित्त्यासारखं मिटतं आणि जीभ चिमटते. दोन सांधे आणि मधे गुळगुळीत छोटा तुकडा असला तर दाब वाटला जातो. जाड लोखंड पातळापेक्षा सौम्य, पण तोंड लहान असेल तर जाड मावत नाही. माप घ्यायला आम्ही सुतळी तोंडातून आडवी धरली आणि ओठांच्या दोन्ही कडांशी गाठी मारल्या. साडेअकरा सेंटिमीटर भरलं, म्हणून बारा सेंटिमीटरचं, दोन सांध्यांचं, स्टेनलेस स्टीलचं मागवलं. कानपूरचं सामान. तिथं ब्रिटिशांच्या काळापासून खोगीर-लगामाचा धंदा आहे.

त्याआधी जखमा भरू दिल्या आणि घोडीचे दात तपासून घेतले. अकोल्यात पशुवैद्यक संस्था आहे, डॉक्टर मिळायला अडचण पडली नाही. दाढेची एक धार गालाला लागत होती, ती घासून दिली. नवा लगाम लावायला असा पंधरवडा गेला.

भावाची भीती खोटी नव्हती. "मऊ लोखंडानं नाही थांबली तर? पोर पडली तर?" मी उत्तर देऊ शकलो नाही. उत्तर मामूंनी दिलं.

"मीही काटेरीच वापरली. पोटाचा सवाल होता, स्टेशनवर गर्दी, घोडं बिथरलं तर सवारी जाते. पण खरं सांगू? काट्यानं घोडं थांबत नाही, दुखण्यापासून पळते. आज एक काटा पुरते, उद्या दोन लागतात. माझ्या शेवटच्या घोड्याचं तोंड दगड झालं होतं. लोक म्हणत, घोडं मुंहजोर आहे. दगड तर मीच केलं होतं."

मामूंच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदाच ऐकलं. भाऊ खाली पाहत राहिला.

'मुंहजोर'. उर्दूत हा शब्द तोंडात जोर असलेल्या, लगाम न मानणाऱ्या घोड्यासाठीही वापरतात. मराठीत तो 'मुजोर' होऊन आला आणि माणसांना चिकटला. वीस वर्षांत मी किती पोरांना वर्गात मुजोर म्हटलं असेल! त्यांच्या तोंडाला आधी काय लागलं होतं, ते कितीदा पाहिलं?

सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आहे. हजरत आयेशा (रजि.) एका अडेल उंटावर बसल्या होत्या आणि त्याला पुढे-मागे खेचू लागल्या. प्रेषितांनी (स.) त्यांना नरमाईनं घ्यायला सांगितलं. तक्रार उंटाची नव्हती, उपदेश हाताला होता.

नवा लगाम आला तरी घोडी एका दिवसात बदलली नाही. पहिले काही आठवडे मुलगी फक्त अंगणात, लांब दोरीवर फिरली. मामू खाटेवरून ओरडत, "हात ढिला कर! थांबली का लगेच सोड!" बँडचा आवाज आला की घोडी अजूनही मान झटकते. त्या दिवशी तिच्यावर कुणी बसत नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. सकाळची थंडी होती. पोरगी लगामाचं लोखंड दोन्ही तळव्यांत धरून उभी होती. म्हटलं, "काय करतेस, बेटा?"

"गरम करते, चाचाजान. दादाजान म्हणतात, थंड लोखंड तिच्या तोंडात द्यायचं नाही."