गळका जोडा

छत्री फाटली तर ती साऱ्या जगाला दिसते. जोड्याचा तळ फाटला तर तो केवळ घालणाऱ्यालाच ठाऊक असतो. पाय चिंब झालेला मनुष्य सभेत अगदी प्रसन्न मुद्रेने बसू शकतो आणि शेजाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. गेल्या आषाढात अशीच प्रसन्न मुद्रा धारण करून मी पुण्याच्या रस्त्यांवरून चार दिवस हिंडलो. पाचव्या दिवशी मोज्यांना कुबट वास येऊ लागला, तेव्हा मात्र या गुप्त दुःखाचा निकाल लावणे भाग पडले.

आमच्या नाक्यावर छत्रीखाली बसणारे वृद्ध चर्मकार गतवर्षापासून दिसेनासे झाले आहेत. एका दुकानात चौकशी केली, तो तेथील तरुणाने जोडा हातातही न घेता "नवीनच घ्या" असा सल्ला दिला. वस्तुतः जोडा वरून धडधाकट होता. मनात आले, हे काम आपणच का करू नये?

पहिली चूक मी तेव्हाच केली. पुढच्या टोकाशी तळ किंचित सुटलेला दिसत होता. पाणी तेथूनच येत असणार असे गृहीत धरून मी तो चिकटवून टाकला. दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा ओला! पाणी शिरते एके ठिकाणी आणि जाणवते भलत्याच ठिकाणी. आतल्या अस्तरातून ते चोरपावलांनी पसरते. मग मी जोड्यात वर्तमानपत्राची घडी पसरली, परातीत बोटभर पाणी घेतले आणि जोडा त्यात उभा केला.

"अहो, ती कणकेची परात आहे!" स्वयंपाकघरातून आवाज आला. परात गेली आणि मोरीतले घमेले आले. पाव तासाने कागद काढून पाहतो, तो अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढा ओला डाग! तळ वाकवून पाहिला तेव्हा तेथली बारीक चीर दिसली. सरळ धरला की ती पुन्हा मिटून जाई.

रबर हा पदार्थ मुळातच लहरी. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर याला गंधक आणि उष्णता यांच्या योगाने त्याला वळण लावण्याची युक्ती सापडली. तोपर्यंत रबरी जोडे उन्हाळ्यात चिकट होत आणि थंडीत ताठरत. जगाचे पाय कोरडे ठेवणारा हा गृहस्थ १८६० मध्ये स्वतः मात्र कर्जात बुडालेल्या स्थितीत वारला.

जोडा सुकण्यास दोन दिवस लागले. मग चिरेभोवतीचा भाग पॉलिशपेपरने खरबरीत केला, स्पिरिटने पुसला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक गोल तुकडा कापून तोही तसाच घासला. रबराचे सोल्युशन दोन्ही अंगांना पातळ लावून थांबावयाचे असते. बोट लावले असता ते बोटाला येईनासे झाले, म्हणजेच जोडण्याची वेळ झाली. ओले असता घाईने चिकटवले तर तुकडा दुसऱ्याच दिवशी निघून येतो. एकदा टेकला की तो जागचा हलत नाही. मग त्याला फार वेळ दाबून धरण्यापेक्षा एकदा नीट जोर देणे महत्त्वाचे. ती दहा मिनिटे ट्यूबचा तुकडा हातात घेऊन बसलो असता मला वडिलांचा जोडा आठवला.

वडील सातारकडच्या एका खेड्यात शिक्षक होते. पावसाळ्यात ते प्रत्येक डबक्याला वळसा घालून चालत. आम्हा मुलांना त्याचे फार हसू येई. एकदा त्यांच्या शेजारच्याच डबक्यात मी दोन्ही पायांनी उडी मारली. त्यांनी मला आयुष्यात एकदाच मारले, ते त्या दिवशी. पाणी उडाल्याचा इतका राग का, हे मला कित्येक वर्षे उमगले नाही.

ते गेल्यानंतर आईने एकदा सहज सांगितले. त्यांच्या जोड्याच्या तळाला भोक होते आणि आत वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा घातलेला असे. रात्री तो चुलीशेजारी वाळत पडे. गावात चर्मकार होता, कामही चांगले करी. परंतु त्याचा मुलगा वडिलांच्या वर्गात होता. मास्तरांकडून तो पैसे घेणार नाही हे वडिलांना पक्के ठाऊक होते, आणि फुकट काम करवून घेणे त्यांना मान्य नव्हते. नवा जोडा तर आमच्या शाळेच्या पुस्तकांनंतरच यावयाचा. म्हणून डबक्यांना वळसा.

सोल्युशन सुकले होते. मी तुकडा बसवला, अंगठ्याने सारा जोर लावून दाबला आणि रात्रभर तसाच राहू दिला. सकाळी पुन्हा घमेल्यात पाणी, जोड्यात नवा कागद. पाव तासाऐवजी तासभर वाट पाहिली. कागद काढला, कोरडा ठणठणीत होता. काम साधल्याचा आनंद झाला, खोटे का सांगू? परंतु कागद फेकवेना. त्याची घडी हातात धरून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. चुलीजवळचा तो पुठ्ठा सकाळपर्यंत पुरता वाळत तरी होता की नाही, हे आईला विचारावयाचे राहूनच गेले.