पांढऱ्या कोनाच्या स्पीकरची गोष्ट

पुणे, रविवार

चि. गार्गी हिस,


लीड्सच्या त्या लहानशा खोलीत तू आपलं गाणं स्वतःच ध्वनिमुद्रित करायला लागलीस, हे ऐकून फार बरं वाटलं. तुझे दोन प्रश्न आहेत. थोड्या पैशांत कोणते स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे काम तपासून ऐकायचे स्पीकर, घ्यावेत, हा एक. आणि जुन्या स्टुडिओंच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत पांढऱ्या कोनाचे ते काळे स्पीकर का दिसतात, हा दुसरा. मी दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलेलं आहे.

तो स्पीकर म्हणजे यामाहा एनएस-१०. १९७८ साली तो बाजारात आला तो घरी बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी. स्टुडिओचा विचार त्यामागे नव्हता. आकिरा नाकामुरा यांनी त्याची रचना केली होती. खालच्या स्वरांसाठी सात इंची कागदी वूफर, त्याच्या जोडीला वरच्या स्वरांसाठी छोटा ट्विटर आणि साधारण दहा लिटरची बंद पेटी, एवढाच त्याचा संसार. घरगुती श्रोत्यांना तो रुचला नाही. खालचे स्वर तोकडे, मधल्या स्वरांचा पट्टा अंगावर येणारा, वरचे स्वर टोचणारे. दिवसभर काम करून आलेल्या माणसाने गाणं ऐकत निवांत बसावं, असा तो आवाजच नव्हता.

मग साउंड इंजिनिअर मंडळींनी तो का उचलला? त्या काळी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये बरेच नामवंत इंजिनिअर एका स्टुडिओचे नोकर राहिले नव्हते. काम असेल तिथे जात. प्रत्येक स्टुडिओत भिंतीत बसवलेले प्रचंड मॉनिटर असत आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचा आवाज निराळा असे. काल ऐकलेला ढोल आज दुसऱ्या खोलीत दुप्पट वाटे. अशा वेळी उचलून नेता येईल, कन्सोलवर डोळ्यांसमोर ठेवता येईल आणि सगळीकडे सारखा वाजेल, असा स्पीकर त्यांना हवा होता. हातभर अंतरावरून ऐकलं, की स्पीकरचा थेट आवाज जास्त आणि खोलीचा प्रतिध्वनी कमी कानावर पडतो. या पद्धतीलाच नियर-फील्ड म्हणतात. बॉब क्लिअरमाउंटनसारख्या इंजिनिअरच्या कामात एनएस-१० दिसू लागला आणि तो भराभर पसरला. टोचणारे वरचे स्वर मऊ करण्यासाठी ट्विटरवर टिश्यू पेपर चिकटवण्याची चालही पडली. १९८७ मध्ये कंपनीनेच वरचे स्वर सौम्य केलेली स्टुडिओ आवृत्ती काढली. आपल्या मुंबईतल्या स्टुडिओंतही ती पांढरी वर्तुळं कन्सोलवर विराजमान झाली.

हे नुसतं फॅशनचं वेड नव्हतं. २००१ मध्ये साउदम्प्टन विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत फिलिप न्यूवेल, कीथ हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनएस-१०ची इतर अनेक मॉनिटरांशी तुलना केली. वेगळेपण सापडलं ते वेळेच्या हिशेबात. ठोका पडला की हा स्पीकर चटकन बोलतो आणि ठोका संपला की चटकन गप्प होतो. पेटी बंद असल्यामुळे खालचे स्वर रेंगाळत नाहीत. बहुतेक छोट्या स्पीकरांना खर्ज वाढवण्यासाठी एक भोक असतं, त्याला पोर्ट म्हणतात; खर्ज मिळतो, पण त्याची शेपूट मागे राहते. त्याच २००१ साली एनएस-१०चं उत्पादन थांबलं, कारण कोनसाठी लागणारा लाकडाचा लगदा मिळेनासा झाला. तोवर जगातल्या असंख्य ध्वनिमुद्रिका त्याच्यावर तोलून बाहेर पडल्या होत्या.

यातून तुला काय घ्यायचं आहे? तो स्पीकर महाग नव्हता आणि गोडही नव्हता. तो मधल्या पट्ट्याबद्दल निष्ठुर होता आणि सर्वांच्या ओळखीचा होता. गाण्याचे शब्द, हार्मोनियम, सारंगी, तबल्याच्या चाटेचा ठोका या सगळ्यांचा जीव मधल्या पट्ट्यातच असतो. तिथला दोष जो स्पीकर लपवत नाही, तोच आपल्या कामाचा.

आता खरेदीचं. यामाहा एचएस५, जेबीएल ३०५पी किंवा अ‍ॅडम टी५व्ही यांपैकी कोणतीही जोडी तुला पुरेल. तिन्ही पाच इंची वूफरचे आहेत आणि तिन्हींत अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो. एचएस५चा कोन पांढरा असला, तरी केवळ रंगासाठी तो घेऊ नकोस. आतली रचना वेगळी आहे आणि त्याच्या पाठीला पोर्टही आहे. असे मॉनिटर पुष्कळदा एकेक विकतात, म्हणून लिहिलेली किंमत एका नगाची की जोडीची, ते पाहा. इंग्लंडमधला वीजपुरवठा आपल्यासारखाच २३० व्होल्टचा, तेव्हा पुढेमागे इकडे आणलेस तर फक्त वायर बदलावी लागेल.

आठ इंची घेण्याचा मोह होईल. तो आवर. तुझा सा काळी चारचा, म्हणजे सुमारे २०८ हर्ट्झ. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, १०४ हर्ट्झला. एचएस५ खाली ५४ हर्ट्झपर्यंत जातो असं कंपनी सांगते. तळाला आवाज बराच क्षीण होतो, हे धरूनसुद्धा तुझा खर्ज आणि डग्ग्याचा घुमार त्याच्या आवाक्यात येतात. मोठा वूफर लहान खोलीत ज्या स्वरांना जागं करील ते तुझ्या संगीतात जवळजवळ नाहीत, आणि शेजाऱ्यांच्या भिंतीला मात्र ते पक्के ऐकू जातील.

उरलेले पैसे आणि सगळी मेहनत खोलीवर घाल. स्पीकरमागच्या भिंतीवर आपटून परतलेली लाट मूळ लाटेला छेदते. कोन भिंतीपासून जितका दूर, त्याच्या चौपट लांबीच्या लाटेचा स्वर दबतो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून हिशेब कर. कोन भिंतीपासून सुमारे ८३ सेंटिमीटरवर आला, तर नेमका तुझा १०४ हर्ट्झचा खर्जच दबून जाईल! तुला वाटेल तानपुरा पातळ झाला, तू तो वाढवशील आणि दुसऱ्याच्या घरी तो गाण्यावर कुरघोडी करील. म्हणून स्पीकर भिंतीच्या जवळ ठेव. मागच्या पोर्टला श्वास घ्यायला दहा-पंधरा सेंटिमीटर पुरेत. मग दबणारा स्वर २५० हर्ट्झच्या आसपास सरकतो, आणि तिथे स्पीकरमागे लावलेलं आवाज शोषणारं जाड पॅनेल उपयोगी पडतं. भिंतीमुळे खालचे स्वर फुगतील. ते उतरवायला या स्पीकरांच्या पाठीवर बहुधा बटण असतं, एचएस५वर दोन आणि चार डेसिबलचं.

तुझी खोली दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद असेल, तर लांबी-रुंदी दोन्हींचा घुमण्याचा स्वर एकच येतो, ५६ हर्ट्झच्या आसपास, म्हणून तो दुप्पट त्रास देतो. खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नकोस. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर खुर्ची ठेवून सुरुवात कर आणि कानाने पुढेमागे सरकव. दोन स्पीकर आणि तुझं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्विटर कानाच्या उंचीवर यावेत.

मग एखाद्या मैत्रिणीला बाजूच्या भिंतीवर आरसा धरून सरकवायला सांग. खुर्चीतून आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथे रॉकवूलचं चार इंची पॅनेल लाव. दुकानात मिळणारा पातळ फोम फक्त वरचे स्वर खातो. तानपुऱ्याच्या जवारीची झळाळी जाते आणि खालचा गोंगाट तसाच राहतो. पॅनेल जमेपर्यंत पुस्तकांनी भरलेलं कपाट आणि जाड रजई यांचीही मदत होते.

यानंतरचं काम पैशांनी होत नाही, ते कानाने करायचं. तानपुरा ओळखीचा होईपर्यंत त्यावर रियाज करतो, तशी स्पीकरशी ओळख करावी लागते. तुला पाठ असलेली ध्वनिमुद्रणं रोज त्यावर ऐक. प्रत्येकात तंबोरे किती मागे आहेत, तबला कुठे बसतो, शब्दांतला ‘स’ कुठवर बोचतो, हे लक्षात ठेव. आवाज मध्यम ठेव आणि रोज तेवढाच. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं, की आवाज हळू केला की आपल्या कानाला खालचे स्वर सर्वांत आधी कमी ऐकू येतात. रोज पातळी बदललीस, तर तुझा निर्णयही रोज बदलेल. शेवटी फोनच्या स्पीकरवरही ऐकून बघ. मोठमोठे इंजिनिअर ऑराटोनसारख्या एका कोनाच्या चिमुकल्या स्पीकरवर आपलं काम तपासत असत, कारण लोकांच्या घरी कसं वाजेल ते त्यांना जाणून घ्यायचं असे.

तुझ्या आईला वाटतं की मी तुला खर्चात पाडतोय. तिला सांग, महागडा मॉनिटर घेऊ नकोस असंच मामा म्हणतोय. साधी जोडी घे, ती वर्षानुवर्षं बदलू नकोस. कोणत्या स्पीकरची शिफारस कुणी केली, याला तेव्हा फारसा अर्थ उरणार नाही. त्याचे गुणदोष तुला तोंडपाठ असतील आणि तुझा निर्णय तुझ्या कानाचा असेल. खरेदीआधी खोलीची लांबी, रुंदी, उंची, खिडकी-दाराची जागा आणि टेबलाचं भिंतीपासूनचं अंतर मोजून कळव. मी हिशेब करून उत्तर पाठवतो.

तुझा,
मामा