तीन पायऱ्यांचा खडा

टीजीए म्हणजे थर्मोग्रॅव्हिमेट्रिक अ‍ॅनालिसिस. नाव भारदस्त, काम साधं: भट्टीत टांगलेला तराजू. नमुना तापवत जायचा आणि वजन किती उतरतं ते पाहायचं. यंत्र नीट चालतंय का हे तपासायला वापरतात ती एक गरीब पांढरी पावडर, कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट.

तिचा आलेख म्हणजे आपल्या होस्टेलचा जिना. पहिली पायरी पाण्याची, १२.३ टक्के. हे पाणी नुसतं ओलं नाही, स्फटिकात बांधलेलं आहे. प्रत्येक कॅल्शियमभोवती आठ ऑक्सिजन, त्यातला एक पाण्याचा. म्हणून ते शंभराच्या बरंच पुढेपर्यंत चिकटून बसतं. चारशे ते पाचशे अंशांत कार्बन मोनॉक्साइड जातो, १९.२ टक्के. सातशेच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, ३०.१ टक्के. उरतो तो चुना. (ज्युनिअर मंडळींनो, व्हायव्हाला हे हमखास येतं.)

मी हा रन लावला त्याच आठवड्यात माझा रूम पार्टनर रात्री दोन वाजता पोट धरून कळवळायला लागला. मुतखडा! वॉर्डनसरांनी स्वतः रिक्षा आणली. चार दिवसांनी खडा पडला, तपासायला गेला आणि रिपोर्टवर तेच नाव: कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट. मी त्याला उत्साहाने आलेख दाखवला. तो म्हणाला, "तुझी भट्टी सातशेला जाते, मी सदतीसलाच अडकलोय."

खरंच आहे. युरिक अ‍ॅसिडचा खडा औषधाने विरघळवता येतो, हा नाही. सिनिअर लोकांनी बिअर सुचवली, कोणी दूध बंद करायला लावलं. डॉक्टर दुधाचं ऐकून भडकलेच. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून बाहेर नेतं. दूध तोडलं की मोकळं ऑक्झलेट रक्तात आणि तिथून किडनीत. अळूच्या फतफत्याला मात्र त्याने स्वतःहूनच रजा दिली.

त्याने हे सगळं थट्टेवारी नेलं नाही याला कारण आहे. त्याच्या वडिलांची एक किडनी खड्यांकडे दुर्लक्ष करण्यातच गेली. शेतात दिवसभर ऊन, पाणी कमी. एकदा खडा झालेल्याला तो पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, हे त्याला आकड्यांशिवायच ठाऊक आहे.

आता तो रोज तीन लिटर पाणी मोजून पितो. दुसऱ्या मजल्यावरचा कूलर दिवाळीपासून बंद आहे, म्हणून मेसमधून कॅन भरून आणतो. एक मजला मी उचलतो, एक तो. अर्ज ऑफिसात दिलेला आहे.